आकसाची पट्टी

उद्या पाचपर्यंत शेवटची मुदत.
फॉर्मवर मेजर विषयाला एकच चौकट,
आणि ऑफिसातला क्लार्क म्हणतो,
एकदा सबमिट केलं की मागं फिरता येणार नाही री.

दुसऱ्या गेटला मालगाडी आडवी.
सायकलवरून एक पाय टेकून मी डबे मोजते.
एकोणसाठ.
कशानंच भाग जात नाही एकोणसाठला.
याचा मला एवढा आनंद का होतो
ते घरी सांगता येत नाही.

आई म्हणते, कॉम्प्युटर घे.
नंदगडच्या मावशीची सुलक्षणा बेंगळूरला
एसीत बसते, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो.
महिन्याला किती, ते आईनं तीनदा सांगितलं,
दर वेळी आकडा थोडा वाढलेला.
गणित घेऊन काय करणार, शिकवण्या?
वाईट नाही म्हणत मी, पण जिना चढून पोरं येतील का आपल्याकडं?

सातवीपर्यंत अज्ञाताचं नाव क्ष होतं.
आठवीत इंग्लिश मीडियमला गेले, ते एक्स झालं.
क्ष कुठं गेला, कुणी विचारलं नाही.
मी अजून कच्च्या कागदावर क्ष धरते,
उत्तर आलं की पक्क्या वहीत बदलते.
आमच्या गल्लीत तसंही
पाटी एका भाषेत, उधारी दुसऱ्या.

गुळण्णवर सर कन्नड बोलता बोलता मराठीत उतरतात:
"लिमिट अंद्रे सीमा री.
जवळ जायाचं, अजून जवळ,
पोचलंच पायजे असं काय न्हाई."
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
सर, ती केस अजून कोर्टात आहे.
सरसुद्धा हसले. हातातला खडू मोडला.

बाबा उद्यमबागेत पॅटर्नमेकर.
आहेत म्हणायचं की होते, ते घरात अजून ठरलेलं नाही.
सागवानात पंपाचं अंग कोरायचे,
वाळूत त्याचा ठसा, ठशात लोखंड.
आता हुबळीचा एक मुलगा पडद्यावर तेच अंग फिरवतो
आणि मशीन रात्रभर कोरत बसतं,
चहासुद्धा न मागता.
बाबांना त्यांनी स्टोअरला बसवलंय. बोल्ट मोजायला.

"काय करूलीस गे अजून?"
मी मोबाईलवरची रिकामी चौकट दाखवली.
काही बोलले नाहीत. पेटीतून पितळी पट्टी काढली,
माझी शाळेची पट्टी शेजारी ठेवली.
शून्याला शून्य जुळलं.
तीसवर येईतो बाबांची पट्टी तीन मिलिमीटर पुढं.

खोटी आहे, मी म्हणाले.

"आकसाची आहे.
ओतलेलं लोखंड निवलं की आखडतं,
शंभराला एक. म्हणून आधीच मोठं धरायचं."
मग थोड्या वेळानं:
"त्या हुबळीच्या पोराला विचारलं मी,
तुझ्या मशीनला हे कसं कळतं रे?
कळत नाही काका, म्हणाला, मी टाकतो. एक पॉइंट शून्य एक.
म्हटलं, एकच का?
तर म्हणाला, तसंच दिलंय."

बाबा पट्टी पुसत राहिले, स्वच्छच होती ती.
"मलापण तसंच दिलेलं.
एकतीस वर्षं. एकच का, मीही कधी विचारलं नाही."

आई आतून म्हणाली, जेवायला या.

सकाळी कॅफेत मी चौकटीत गणित निवडलं.
पडद्यावर एक गोल फिरायला लागला,
फिरतच राहिला.
सर्व्हर बसलाय, दुकानदार म्हणाला, थांबा जरा.
थांबले.
मांडीवर दप्तर, दप्तरात बाबांची पट्टी,
तिरकी घातली तरी थोडी वर येते.
चेन तेवढी पूर्ण लागत नाही.